अकबर पदमसी आणि नेपियन सी रोडवरची प्रयोगशाळा

१९६९ साली दक्षिण मुंबईत, नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये वेगळाच संसार उभा राहिला. १६ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा आला, फिल्म जोडायचं सामान आलं, फोटो धुण्यासाठी एक खोली काळोखी करण्यात आली, धातूच्या पत्र्यावरून छाप काढण्याचा प्रेस आला. हा सगळा व्याप मांडणारा माणूस सिनेमावाला नव्हता. अकबर पदमसी हे चित्रकार होते, वय ४१, नाव झालेलं, चित्रं विकली जात होती. त्या वर्षी त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली होती. अशी शिष्यवृत्ती मिळाली की माणूस बहुधा ग्रंथालयात बसून पुस्तक लिहितो, किंवा निवांतपणे स्वतःची चित्रं काढतो. पदमसींनी त्या पैशातून कार्यशाळा काढली आणि तिची दारं चित्रकार, सिनेमावाले, छायाचित्रकार, अगदी मनोविश्लेषकालासुद्धा उघडी ठेवली. तिचं नाव ‘व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप’. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘व्ह्यू’ म्हणत.

चित्रकला, चित्रपट आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, असं आपण बऱ्याच जणांबद्दल ऐकतो. बहुतेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की माणूस मुळात एका क्षेत्रातला आणि बाकीची दोन त्याच्या आवडीची. पदमसींचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे एकच प्रश्न होता: डोळ्याला आकार आणि रंग दिसतात म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्या दिसण्यात काळाचा वाटा किती? रंग-कुंचल्याने या प्रश्नाचा जेवढा भाग सुटला तेवढा त्यांनी कॅनव्हासवर सोडवला, उरलेल्यासाठी कॅमेरा हातात घेतला, आणि दोन्हींच्या मागे वाचन अखंड चालू ठेवलं. म्हणून त्यांची चित्रं आणि त्यांचे दोन छोटे चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तरच हा माणूस कळतो.

त्यांचा जन्म १२ एप्रिल १९२८चा, मुंबईतला. घराणं काठियावाडातल्या खोजा व्यापाऱ्यांचं. वडिलांचं दुकान चकला स्ट्रीटवर होतं. लहानपणी अकबर त्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्यांमध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’तली चित्रं पाहून उतरवून काढायचे. शाळेत शिरसाट नावाचे जलरंगात काम करणारे शिक्षक भेटले. पुढे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांना थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला, आणि तिथे शंकर पळशीकरांचा सहवास लाभला. पळशीकर नंतर जे. जे.चे अधिष्ठाता झाले. भारतीय परंपरेचा विचार चित्राच्या अंगाने कसा करायचा, हे शिकवणारा त्यांच्यासारखा शिक्षक त्या काळी विरळा होता. संस्कृतची गोडी पदमसींना तरुणपणीच लागली होती आणि ती आयुष्यभर टिकली.

ते शिकत होते तेव्हाच, १९४७ मध्ये, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. पदमसी या मंडळींच्या जवळचे, पण त्या गटाचे रीतसर संस्थापक-सदस्य नव्हेत. १९५१ मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘अतेलिए १७’ या छापचित्रांच्या प्रसिद्ध कार्यशाळेशी त्यांची ओळख झाली. वेगवेगळ्या देशांतले चित्रकार एका छताखाली येतात, एकच यंत्र वापरतात आणि एकमेकांच्या चुकांतून शिकतात, ही पद्धत त्यांनी तिथे जवळून पाहिली. मुंबईतल्या पुढच्या कार्यशाळेचं बीज मला तरी इथेच दिसतं. सरिअलिस्टांचे अध्वर्यू आंद्रे ब्रेताँ यांनी १९५२ मध्ये त्यांना एका फ्रेंच कलापत्रिकेचं पारितोषिक दिलं.

१९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं आणि ‘लव्हर्स’ या चित्रांवरून पोलीस आले. चित्रात विवस्त्र स्त्री-पुरुष होते, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर होता. चित्रं काढून घ्या म्हणजे प्रकरण मिटेल, असं सांगण्यात आलं. पदमसींनी ती काढली नाहीत. अश्लीलतेचा खटला चालला, कलेच्या जाणकारांच्या साक्षी झाल्या, आपल्याकडच्या उमा-महेश्वराच्या मूर्तींची परंपरा पुढे आली, आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. वर केलेलं अपीलही टिकलं नाही. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. आपल्या हातातल्या चित्रामागे कोणती परंपरा उभी आहे हे ज्याला नीट ठाऊक असतं, त्याला कोर्टात उभं राहायचं बळ कुठून येतं, ते या प्रकरणातून दिसतं. अभ्यास हा त्यांच्यासाठी शोभेचा भाग कधीच नव्हता.

त्यानंतर १९५९-६० च्या सुमारास त्यांनी जे केलं ते त्या काळच्या रसिकांनाही चमकवणारं होतं. त्यांनी रंगच सोडले. जवळजवळ दोन वर्षं ते फक्त करड्या छटांमध्ये रंगवत राहिले: पांढरा, काळा आणि त्यांच्या मिश्रणातून येणारे असंख्य करडे. शहरं, नग्नाकृती, निसर्ग, सगळं करडं. यातला पेच समजून घेण्यासारखा आहे. चित्रात लाल छपरापुढे हिरवं झाड असेल तर दोन्हींत फरक दाखवायला चित्रकाराला फार कष्ट पडत नाहीत, रंगच ते काम करतो. रंग काढून घेतला की छप्पर आणि झाड वेगळं करायला त्याच्याकडे उरते फक्त उजेड-काळोखाची पायरी, आणि रंगाचा थर जाड की पातळ, घासलेला की ओढलेला, एवढंच. म्हणजे प्रयोगशाळेत जसं बाकी सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलतात, तसं पदमसींनी चित्राच्या बाबतीत केलं. या मालिकेतलं ‘ग्रीक लँडस्केप’ हे सुमारे १२ फूट रुंद चित्र मित्र आणि चित्रकार कृष्ण खन्ना यांनी तेव्हा १,००० रुपयांना घेतलं होतं. २०१६ च्या लिलावात त्याला १९ कोटी १९ लाख रुपये मिळाले. किंमत वर्तमानपत्रांत गाजली. त्या चित्रामागची शिस्त मात्र फारशी कुणी समजावून सांगितली नाही.

तर असा माणूस १९६९ मध्ये कॅमेऱ्याकडे वळला.

मुंबईत तेव्हा हवा अनुकूल होती. ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये आधीच्या काळात चित्रकार, नाटकवाले आणि वादक शेजारी-शेजारी काम करत असत. एका खोलीत गायतोंडे रंगवतायत, दुसरीकडे अल्काझींच्या तालमी, तिसरीकडे रविशंकरांच्या संस्थेतून सतारीचे सूर, असा तो काळ. फिल्म्स डिव्हिजनमध्ये जहांगीर भावनगरी यांनी चित्रकारांना सिनेमा करायला बोलावलं होतं. त्यातून हुसेन यांचा ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ झाला आणि १९६७ मध्ये बर्लिनला लघुपटांचं गोल्डन बेअर घेऊन आला. तय्यब मेहता यांचा ‘कूडल’ १९७० चा. हुसेन आणि तय्यब या दोघांनीही कॅमेरा बाहेरच्या जगाकडे वळवला होता: राजस्थानातली माणसं, छत्र्या, कंदील, किंवा मुंबईतली गर्दी आणि जनावरं. पदमसींच्या पहिल्या चित्रपटात जगातली एकही वस्तू नाही. माणूस नाही, झाड नाही, घर नाही, आवाजही नाही.

त्या चित्रपटाचं नाव ‘सिझिजी’. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात त्या स्थितीला खगोलशास्त्रात हे नाव आहे. कृष्णधवल, मूक, ११ मिनिटांचा. पडद्यावर दिसतात त्या फक्त रेषा, बिंदू, पट्ट्या आणि चौकोन. ते येतात, दुभंगतात, सरकतात, एकमेकांत मिसळतात.

त्यासाठी पदमसींनी जवळजवळ १,००० रेखाचित्रं काढली. ती मनाला येईल तशी काढलेली नव्हती. बिंदूंमधली अंतरं किती, कोणता बिंदू कशाशी जोडायचा, पुढच्या पायरीला काय बदलायचं, याचे नियम त्यांनी आधी ठरवले आणि मग त्या नियमांप्रमाणे कागदांमागून कागद काढत गेले. आपल्या आया-आज्या ठिपक्यांची रांगोळी काढतात तेव्हा हेच तर करतात: आधी ठिपके, मग जोडण्याचा नियम, आणि नियम एकच असला तरी आकृती दरवेळी नवी. पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराची टिपणं पदमसींनी बारकाईने वाचली होती. बिंदू हलला की रेषा होते, रेषा सरकली की पृष्ठ होतं, हा क्ले यांचा विचार. कागदावर ही हालचाल वाचकाला मनात करावी लागते. चित्रपटात ती प्रत्यक्ष होते. पदमसींना कॅमेरा हवा होता तो एवढ्यासाठी.

इथे थोडं गणित करून पाहू. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर ११ मिनिटांना १५,८४० चौकटी लागतात. रेखाचित्रं साधारण १,०००. म्हणजे सरासरीने एकेक चित्र पडद्यावर पाऊण सेकंदापेक्षाही कमी टिकतं. काही जास्त थांबतात, काही डोळा लवायच्या आत जातात. कोणतं किती थांबवायचं हे ठरवणं म्हणजेच या चित्रपटाची लय. हे काम करायला जाणकार हात लागतो, आणि पदमसींना तो मिळाला राम मोहन यांच्या रूपाने. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेला हा माणूस पुढे भारतीय ॲनिमेशनचा पितामह म्हणून ओळखला गेला. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मधला ॲनिमेशनचा तुकडा त्यांचाच, आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधलाही. कुटुंबनियोजनाच्या संदेशपटांपासून जाहिरातींपर्यंत सगळं हाताळणारा कारागीर आणि सर्वांत कठोर अमूर्ताचा ध्यास घेतलेला चित्रकार एका टेबलाशी बसले, ही गोष्ट मला ‘सिझिजी’ इतकीच महत्त्वाची वाटते.

हा चित्रपट पाहायला सोपा नाही. संगीत नाही, गोष्ट नाही, धरायला काहीच नाही. पहिली दोन मिनिटं डोळा ओळखीचं काहीतरी शोधत राहतो: ही खिडकी असेल, हा रस्ता असेल. ते सापडत नाही. मग हळूहळू शोधणं थांबतं आणि नुसतं बघणं सुरू होतं. दोन रेषांमधलं अंतर वाढलं की ताण जाणवतो, कमी झालं की सुटका. ज्या भावनांसाठी आपल्याला एरवी पात्रं लागतात त्यांची नुसती चौकट इथे उरते. शास्त्रीय गायकाची आलापी ऐकायची सवय असलेल्यांना याचं फार नवल वाटणार नाही.

दुसरा चित्रपट याच्या अगदी उलट टोकाचा. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, रंगीत, जेमतेम सहा मिनिटांचा. क्लाउड चेंबर म्हणजे पदार्थविज्ञानातलं एक उपकरण. सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ते बनवलं आणि १९२७ मध्ये त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं. बंद पेटीत बाष्पाने भरलेली हवा अशा अवस्थेत ठेवतात की जराशा निमित्ताने त्यात थेंब धरावेत. विद्युतभारित कण त्यातून गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते. कण दिसत नाही, तो गेल्याची खूण दिसते, आणि तीही क्षणभरच. पदमसींनी हे नाव निवडलं यातच त्यांच्या वाचनाचा पल्ला कळतो.

या चित्रपटात त्यांनी आपलंच एक तैलचित्र घेतलं आणि ते उजेडाने पुन्हा रंगवलं. चित्रातल्या प्रत्येक आकाराचे साचे कापले, त्यांतून प्रोजेक्टरचा रंगीत प्रकाश पडद्यावर टाकला, एकावर एक आकार चढवत गेले आणि ते घडत असताना कॅमेऱ्यात टिपलं. इथे रंगांचं शास्त्रच उलटं होतं. रंगपेटीतला पिवळा आणि निळा मिसळला की हिरवा होतो, कारण प्रत्येक रंग प्रकाशातला काही भाग गिळतो आणि दोघांनी गिळून जे उरतं ते आपल्याला दिसतं. जितके रंग जास्त मिसळाल तितकं मिश्रण काळवंडत जातं. प्रकाशाचं तसं नाही. तिथे भर पडत जाते. तांबड्या झोतावर हिरवा झोत टाकला की पडद्यावर पिवळा उमटतो, आणि सगळे एकत्र आले की पांढरा. ज्याने दोन वर्षं करड्यात काढली, रंग कुठे मरतो आणि कुठे जगतो हे ज्याला हाताने माहीत, त्या चित्रकाराला हा उलटा हिशेब समोर घडताना पाहून काय वाटलं असेल! कॅनव्हासवर जे थर सुकायला आठवडे लागतात ते इथे एका बटणावर चढत-उतरत होते.

संगीतासाठी ते अहमदाबादला गीता साराभाई यांच्याकडे गेले. गीताबेन पखवाज वाजवणाऱ्या, अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना १९४० च्या दशकात भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या. तिथल्याच राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तेव्हा मूग सिंथेसायझर असलेला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ नुकताच उभा राहिला होता. चित्रकार, भौतिकशास्त्रातलं उपकरण, इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि भारतीय संगीतात मुरलेली बाई: सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये हे सगळं एकत्र आलं होतं.

‘व्ह्यू’मध्ये पदमसी एकटे काम करत नव्हते. त्यांच्याइतकंच, किंबहुना थोडं अधिकच, लक्ष तिथे येणाऱ्यांच्या कामाकडे द्यायला हवं. नलिनी मलानी तेव्हा जे. जे.मधून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, वय तेवीसच्या आतबाहेर, त्या मंडळींत एकट्या स्त्री. त्यांना इथे कॅमेरा मिळाला आणि काळोखी खोली मिळाली. त्यांनी कॅमेऱ्याशिवाय, थेट प्रकाशसंवेदी कागदावर उजेड आणि आकार खेळवून छायाचित्रं केली. पुठ्ठ्याची घरं बनवून, त्यांवर रंगीत उजेड टाकून ‘ड्रीम हाउसेस’ नावाची छोटी फिल्म केली. स्वातंत्र्यानंतरच्या भारताला घरबांधणीची, नव्या शहरांची जी स्वप्नं पडत होती त्यांचा तो काळ होता. सात वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांनी तिच्या जोडीला दुसरी, कृष्णधवल फिल्म केली: एक तरुणी उंचावरच्या खिडकीतून खालच्या झोपडवस्तीकडे बघते आहे. दोन्ही शेजारी-शेजारी चालवून त्यांनी त्याला ‘यूटोपिया’ म्हटलं. एकीकडे रंगीत स्वप्न, दुसरीकडे त्याचं झालं काय ते. नेहरूंच्या काळातल्या आशा आणि आणीबाणीच्या काळातली निराशा यावर पुस्तकं पुष्कळ आहेत. या दोन छोट्या फिल्मा ते काम काही मिनिटांत करतात. मलानी पुढे जगभर गाजल्या, व्हिडिओ आणि सावल्यांच्या त्यांच्या मांडण्यांची २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात मोठं प्रदर्शन झालं, २०२३ मध्ये त्यांना क्योतो पारितोषिक मिळालं. त्यांच्या त्या वाटेवरचं पहिलं पाऊल नेपियन सी रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये पडलं.

कुमार शहानी तिथे होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांचे विद्यार्थी, दामोदर धर्मानंद कोसंबींकडून इतिहास पाहायला शिकलेले, फ्रान्समध्ये रोबेर ब्रेसाँ यांच्या हाताखाली काम करून आलेले. त्यांचा ‘माया दर्पण’ १९७२ चा. त्यात रंग कथेला मदत करत नाही, रंगच कथा सांगतो. त्या चित्रपटाचे छायालेखक के. के. महाजन हेही या वर्तुळातले. मनोविश्लेषक उदयन पटेल यायचे, कारण दिसण्याच्या प्रश्नात मनाचाही वाटा आहे हे पदमसींना मान्य होतं. विजयदान देथांच्या गोष्टीवरचा मणी कौल यांचा ‘दुविधा’ १९७३ मध्ये आला तो पदमसींच्या मदतीने. याच गोष्टीवर पुढे शाहरुख खानचा ‘पहेली’ आला, त्यामुळे कथा अनेकांना माहीत असेल. ‘दुविधा’ पाहताना मात्र गोष्टीपेक्षा जास्त काळ लक्षात राहतो तो पांढऱ्या भिंतीपुढचा लाल ओढणीचा रंग. चित्रकाराच्या शेजारी बसून सिनेमाचा विचार केल्याची ती खूण आहे असं मी मानतो.

१९७२ मध्ये कार्यशाळा थांबली. फेलोशिपचे पैसे किती दिवस पुरणार, आणि असल्या प्रयोगाला पुढे पैसा घालणारं कुणी नव्हतं. तीन-साडेतीन वर्षं. आपल्याकडच्या कित्येक चांगल्या गोष्टींचं आयुष्य एवढंच असतं, हे खरं असलं तरी त्याचं वाईट वाटल्यावाचून राहत नाही. दोन-चार लाखांचा आधार आणखी काही वर्षं मिळाला असता तर मुंबईत प्रायोगिक चित्रपटांची एक शाळाच उभी राहिली असती. युरोप-अमेरिकेत अशा चित्रकार-चित्रपटकारांची पिढ्यान्‌पिढ्या परंपरा झाली. इथे ती सुरू झाली आणि तुटली.

पदमसींनी मात्र त्या वर्षांतून जे मिळवलं ते कॅनव्हासवर परत आणलं. १९७० पासून त्यांनी ‘मेटास्केप’ या नावाची निसर्गचित्रं काढायला घेतली. ती कोणत्याही ठिकाणाची नाहीत. डोंगर, पाणी, क्षितिज, आणि एकाच आकाशात सूर्य व चंद्र. रंग पुन्हा आले होते आणि असे आले की डोळे दिपावेत: जाड, सुरीने थापलेले, पेटलेले तांबडे आणि गेरू, त्यांना भिडलेले निळे. यामागे त्यांनी स्वतः सांगितलेला आधार कालिदासाचा आहे. ‘शाकुंतला’च्या नांदीत शिवाच्या आठ प्रत्यक्ष रूपांचं स्तवन आहे: पाणी, अग्नी, यजमान, आकाश, पृथ्वी, वायू, आणि काळाचं नियमन करणारे ते दोघे, म्हणजे सूर्य आणि चंद्र. कवीने त्यांची नावं घेतली नाहीत, फक्त ते काय करतात तेवढं सांगितलं. पदमसींनी हे पकडलं. सूर्य-चंद्र एकत्र रंगवले की दिवस आणि रात्र एकाच चौकटीत येतात, म्हणजे प्रसंग नाही, प्रहर नाही, काळ सगळाच्या सगळा समोर. ‘सिझिजी’चं नाव ज्या खगोलीय स्थितीवरून आलं तिच्यातलीही पात्रं हीच दोघं. चित्रपट आणि चित्र एकाच शोधाची दोन टोकं होती, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

एखादं मेटास्केप समोर आलं तर आधी दोन पावलं मागे सरून पाहावं आणि मग जवळ जावं. लांबून डोंगर दिसतो. जवळून डोंगर नाहीसा होतो आणि सुरीचे फटकारे दिसतात, एकेक वेगळा, एकाच्या कडेला दुसरा थांबलेला, मध्ये खालचा थर उघडा. कोणताही फटकारा नुसती जागा भरायला मारलेला नाही. हजार रेखाचित्रं नियमाने काढलेला हात इथे ओळखू येतो. १९९० च्या दशकात त्यांनी ‘मिरर इमेज’ ही जोडचित्रांची मालिका केली: दोन कॅनव्हास शेजारी, एकाचं दुसऱ्यात प्रतिबिंब, पण तंतोतंत नाही. डोळा दोन्हींमध्ये येरझाऱ्या घालतो आणि या येण्याजाण्यात पुन्हा काळ शिरतो. संगणक हाती आल्यावर उतारवयात त्यावरही काळ्या-पांढऱ्यात कामं केली. २०१० मध्ये पद्मभूषण मिळालं. ६ जानेवारी २०२० रोजी कोइमतूरला त्यांचं निधन झालं.

हल्ली कलेच्या क्षेत्रात ‘संशोधन’ हा शब्द फार ऐकू येतो. प्रदर्शनाच्या भिंतीवर लांबलचक टिपण असतं, त्यात तत्त्वज्ञांची नावं असतात, आणि चित्र मात्र ते टिपण वाचल्याशिवाय बोलत नाही. पदमसींच्या कामाची कसोटी वेगळी आहे. कालिदास ठाऊक नसलेल्या माणसालाही मेटास्केपपुढे उभं राहिलं की काहीतरी प्रचंड समोर आल्यासारखं वाटतं. क्ले न वाचलेल्यालाही ‘सिझिजी’तला ताण जाणवतो. अभ्यास चित्रात विरघळला पाहिजे, चित्राला टेकू म्हणून उभा राहता कामा नये. आणि दुसरं असं की त्यांनी अभ्यासाच्या नावाने मिळालेला पैसा दुसऱ्यांच्या हाती साधनं देण्यात घातला. त्यातून आपल्या चित्रपटांना आणि चित्रकलेला काय मिळालं ते वर आलंच आहे.

या हकिकतीतला एक भाग मनाला फार लागतो. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ आज अस्तित्वात नाही. त्याची एकच प्रत होती, ती कुठेतरी दाखवायला म्हणून गेली आणि हरवली. चाळीसेक वर्षांनी ‘मिस लव्हली’चे दिग्दर्शक आशिम अहलुवालिया पदमसींकडे गेले. पदमसी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, चाकाच्या खुर्चीत. हरवलेल्या चित्रपटात काय होतं ते त्यांच्या आठवणीतून काढून घेत दोघांनी तो पुन्हा रचायचा प्रयत्न केला. त्याच नावाची ही नवी फिल्म २०१६ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. ती सुंदर आहे. पण मूळ सहा मिनिटं गेली ती गेलीच.

अशा फिल्मा हरवतात त्या बहुधा घरातल्या घरात. चित्रकार, छायाचित्रकार, शिक्षक, हौशी मंडळी यांनी साठ-सत्तरच्या दशकांत ८ आणि १६ मिलिमीटरवर केलेलं कितीतरी काम पत्र्याच्या गोल डब्यांमध्ये माळ्यावर पडून असेल. घर आवरताना तुमच्या हाती असा डबा लागला तर तो भंगारात टाकू नका. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा की फिल्म कुजायला लागली आहे आणि वेळ थोडा आहे. ती स्वतः प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका, तुटते. थंड, कोरड्या जागी ठेवा, डब्यावर लिहिलेलं पुसू नका, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधा. १९६४ पासून ती संस्था हेच काम करते आहे.